'पॉवर' म्हणजे नक्की काय?

इंग्रजी समानार्थी शब्दांच्या यादीत 'फोर्स', 'एनर्जी', 'पॉवर' एका ओळीत बसतात. भाषेच्या तासाला हे खपते. विज्ञानाच्या तासाला हीच यादी मुलांना चकवते, आणि गुण मात्र मुलांचे जातात. विज्ञानात फोर्स म्हणजे बल, एकक न्यूटन; एनर्जी म्हणजे ऊर्जा, एकक ज्यूल; पॉवर म्हणजे शक्ती, दर सेकंदाला किती ज्यूल, अर्थात वॅट. 100 वॅट ही दिव्याची शक्ती. तो 10 तास जळला की बिलात चढणारे 1 युनिट ही ऊर्जा. चष्म्याची 'पॉवर' आणखी निराळी: 2 डायॉप्टरच्या भिंगाचे नाभीय अंतर 50 सेंमी. बोलण्यातला शब्द खोडू नये. त्याचे एकक विचारावे. अर्थ आपोआप वेगळे होतात.