‘पळवली’ आणि ‘पळाली’

‘किडनॅप’ हे इंग्रजी क्रियापद सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ‘किड’ म्हणजे पोर, ‘नॅप’ म्हणजे हिसकावणे. अमेरिकेतल्या मळ्यांवर राबवण्यासाठी इंग्लंडातली मुले-माणसे उचलून जहाजावर चढवली जात, त्या धंद्यातला हा शब्द. त्यात उचलला जाणारा निव्वळ ऐवज असतो.

निरवांगीच्या पारावर किंवा इंदापूरच्या बाजारात ‘पोरगी पळवली’ म्हणतात, तेव्हा क्रियापदाची घडण वेगळी असते. ‘पळवणे’ हे ‘पळणे’चे प्रयोजक रूप. हसवणारा एक, हसणारा दुसरा. तसेच पळवणारा कोणीही असो, पळणारे पाय तिचे. व्याकरणाने तिच्या मर्जीसाठी एक फट ठेवली आहे. (रोकड पळवतात तेव्हा ही फट उरत नाही, हे मान्य.) म्हणून तर एकाच घटनेला मुलाकडचे ‘पळून आली’ म्हणतात आणि मुलीकडचे ‘पळवून नेली’.

आपल्या कवींपुढेही हाच पेच होता. रुक्मिणीने स्वतः निरोप धाडून कृष्णाला बोलावले. नरेंद्र आणि एकनाथ आपल्या काव्याला ‘रुक्मिणीस्वयंवर’ म्हणतात, सामराज ‘रुक्मिणीहरण’. कथा तीच, एका नावात तिची निवड, दुसऱ्यात त्याचा रथ. सुभद्रेचे प्रकरण अधिक अवघड. बारामतीच्या मोरोपंतांनी ‘आर्याभारता’साठी समोर ठेवलेल्या महाभारतात खुद्द कृष्णच अर्जुनाला हरणाचा सल्ला देतो, कारण स्वयंवरात ती कोणाला वरील याचा भरवसा नाही! 1882च्या ‘सौभद्रा’त किर्लोस्करांनी सुभद्रेला आधीच अर्जुनावर अनुरक्त दाखवले. मला ही केवळ नाट्यसोय वाटत नाही. तिची संमती दाखवल्याशिवाय नव्या प्रेक्षकाला हरण गोड लागणार नव्हते.

1860च्या भारतीय दंड संहितेने ‘किडनॅपिंग’ आणि ‘ॲबडक्शन’ वेगळे केले. पहिल्यात मुख्यतः अज्ञानाला पालकाच्या ताब्यातून नेणे येते, तिथे त्या मुलाची संमती गैरलागू. दुसऱ्यात कोणत्याही वयाच्या माणसाला बळाने किंवा फसवून न्यावे लागते. पहिल्याला कायद्याची मराठी ‘अपनयन’ म्हणते. ‘उपनयना’चाच धातू, फक्त दिशा उलटी. वर्तमानपत्रे मात्र दोन्हींना ‘अपहरण’ म्हणून मोकळी होतात.

वरदराजन खटल्यात 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमका क्रियापदाचाच प्रश्न विचारला. सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावरची मुलगी आपणहून घराबाहेर पडली आणि तो तिच्यासोबत गेला, तर त्याने तिला ‘नेले’ म्हणायचे का? न्यायालयाने नाही म्हटले आणि त्याला सोडले. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ‘तीच पळाली’ ही मोठ्या पुरुषाची सबब होऊ नये, हा कायद्याचा आग्रह मला पूर्ण पटतो. खटकते ती बातमीतली ‘फूस लावून पळवून नेले’ ही ठरीव ओळ. ती तपासाआधीच, फिर्यादीच्या शब्दांत छापली जाते. मुलगी सापडते, जबाब देते. ‘मी माझी गेले’ असे ती त्यात म्हणाली असेल, तर ते वाक्य पोलिसांच्या कागदात राहते. तोवर बातमी शिळी झालेली असते.