मेजवानीचे निमंत्रण आणि पंगतीचा प्रश्न : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांच्या संदर्भात

लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात मोठ्या मेजवानीचा दाखला येतो. जेवण तयार असल्याचा निरोप जातो आणि आमंत्रित मंडळी सबबी सांगू लागतात. एकाने शेत विकत घेतलेले असते, दुसऱ्याला बैलांच्या पाच जोड्या पारखावयाच्या असतात, तिसऱ्याचे नुकतेच लग्न झालेले असते. तेव्हा यजमान गल्लीबोळांतील दरिद्री, लंगडे व आंधळे यांना आणून घर भरतो. ईश्वराच्या निमंत्रणाला मनुष्य कसा प्रतिसाद देतो, यासंबंधीच्या ख्रिस्ती शिकवणुकीत या दाखल्याला मध्यवर्ती स्थान आहे. त्यात येणारे व न येणारे असे दोनच वर्ग दिसतात. मराठी ख्रिस्ती आत्मकथने त्याच्याशेजारी ठेवून वाचली असता ही विभागणी अपुरी वाटते. येथे मुख्य अडसर शेताचा वा बैलांचा नव्हता. तो पंगतीचाच होता. कोणाच्या हातचे खावे हे जातीने ठरवून दिलेल्या समाजात मेजवानी हे केवळ रूपक राहत नाही.

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेशी त्यांचा संबंध होता. जातिभेद मानीत नसल्याची खूण म्हणून तेथे ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खाल्ला जाई. मात्र हे सारे गुप्तपणे चाले. आत पंगत मोडावयाची आणि बाहेर आपले पान राखावयाचे, असा तो दुहेरी व्यवहार होता. सभासदांची नावे फुटल्यावर १८६०च्या सुमारास सभा विस्कटली. पदमनजींनी त्यापूर्वीच, १८५४ मध्ये, उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता. पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी निराळी. त्यांचा बाप्तिस्मा १८८३चा. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त नव्हे, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगले. मेजवानीस येऊन बसलेल्या माणसालाही निमंत्रणाचा अर्थ उशिरा कळू शकतो.

सर्वांत बोलके उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो त्यांच्यावर आघातच होता. काही काळाच्या ताटातुटीनंतर संसार पुन्हा सुरू झाला, तरी सोवळे सुटले नाही. ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) मध्ये हा कालखंड त्यांनी कोठेही उदात्त न करता रंगविला आहे. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधील. हा क्रम महत्त्वाचा आहे. सिद्धान्त आधी पटला आणि आचार मागून बदलला असे येथे घडले नाही. पाण्याचा पेला आधी हाती आला.

या ग्रंथावरील समीक्षेने त्यातील विनोदाचे आणि पतिपत्नींच्या खटक्यांचे भरपूर कौतुक केले. पण लक्ष्मीबाईंचे धर्मांतर म्हणजे पतीचे अनुसरण, असा सोयीस्कर समज सहसा तपासला गेला नाही. केवळ अनुसरणच असते तर पाच वर्षे कशाला लागली असती? दीर्घ काळानंतर लिहिलेल्या आठवणींना श्रद्धावंताची मांडणी लाभते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ज्या लेखिकेला स्वतःच्या सोवळ्याचे हसे करता येते, तिने मागाहून भक्तीची रंगसफेदी केली असे म्हणणे कठीण आहे.

टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. मत्तयाच्या २२व्या अध्यायातील याच धर्तीच्या दाखल्यात लग्नाचा पोशाख नसलेल्या पाहुण्याला बाहेर घालविले जाते. साताऱ्याच्या दरबारात दाराशी पोशाख तपासणारा कोणी ठेवलेला नव्हता. चर्चच्या शिस्तीला हे मानवणारे नव्हते आणि जातीच्या शिस्तीलाही नव्हते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, आणि तो प्रयोग पुढे वाढला नाही.