सूत्रधार, फासा आणि यंत्र

गेल्या काही वर्षांत एक विधान वारंवार कानी येऊ लागले आहे. मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांना यापुढे माणूस सूत्रधार लागणार नाही, त्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र करील, असे ते विधान आहे. वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात खेळांची चर्चा कशाला, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. परंतु या खेळांत गोष्ट रचली जाते, ती तोंडी रचली जाते, आणि ती एकट्याने नव्हे तर चारपाच जणांनी मिळून रचलेली असते. गोष्ट कोणाची आणि ती रचणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न जेथे उपस्थित होतो तो प्रांत समीक्षेला परका मानता येत नाही. आम्ही स्वतः हा खेळ हौसेने खेळतो. तेव्हा पुढील मते तटस्थ पंडिताची नसून एका हौशी खेळाडूची आहेत, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. खेळात एक सूत्रधार असतो. बाकीचे खेळाडू प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो : पुढे नदी आहे, पूल मोडला आहे, पैलतीरी एक दिवा दिसतो. मग तो विचारतो, 'तुम्ही काय करता?' खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे फासा टाकला जातो, आणि त्यावर पडलेल्या आकड्याचा अर्थ सूत्रधार सांगतो. यात कोणी जिंकत नाही की हरत नाही. गोष्ट महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

या खेळाची वंशावळ युद्धाच्या खेळांपर्यंत जाते. प्रशियात १८२४ साली राइस्वित्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा एक युद्धखेळ सिद्ध केला. त्यात दोन पक्षांच्या मध्ये एक पंच असे. कोष्टके आणि फासे यांच्या आधारे तो निकाल देई. पुढे १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने असे प्रतिपादन केले की, पंचाने कोष्टकांचे ओझे टाकून द्यावे आणि स्वतःच्या अनुभवाने निर्णय करावा. कोष्टक की विवेक, हा आजच्या वादाचा गाभा तेव्हाच सिद्ध झाला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ साली मांडलेल्या एका खेळात सैन्यांऐवजी एका गावातील निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिका खेळाडूंना वाटून दिल्या. त्यांच्याच मंडळीतील डेव्ह आर्नेसन यांनी 'ब्लॅकमूर' नावाचे एक कल्पित जग उभे केले, आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्याने १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. एका पेटीत तीन पुस्तिका, आणि पहिल्या खेपेला छापलेल्या प्रती अवघ्या एक हजार!

त्या पुस्तिका वाचून या खेळाचे मोल कळत नाही, जसे आख्यानाचे नाव वाचून दशावतारी नाटकाचे मोल कळत नाही. तळकोकणात आणि गोव्यात ज्यांनी रात्र जागवून दशावतार पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको. तेथे लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात, आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलून परत देणे, हीच त्यातली कला. या दोन परंपरांचा परस्परांशी काही संबंध आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. दोन्हीकडे वाङ्मय कागदावर नसून माणसामाणसांच्या मध्ये असते, एवढेच साम्य दाखवावयाचे आहे.

आता यंत्राकडे वळू. काही सहखेळाडू यंत्राचे नाव निघताच विटाळ झाल्यासारखे दूर सरतात. ही भूमिका आम्हांस ग्राह्य वाटत नाही, कारण यांत्रिकता या खेळात पहिल्यापासून आहे. १९७९ साली गायगॅक्स यांनी सूत्रधारांसाठी जो मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या एका परिशिष्टात केवळ फासे टाकून संपूर्ण भुयार रचण्याची कोष्टके दिली आहेत. संगणकाचा संबंधही नवा नाही. विल क्राउदर हे संगणकतज्ज्ञ गुहा हिंडणारे होते आणि या खेळाचे खेळाडूही होते. त्यांनी केंटकीमधील मॅमथ केव्ह या गुहेच्या आधारे १९७६ च्या सुमारास संगणकावर एक गुहाप्रवास रचला, आणि पुढील वर्षी डॉन वुड्स यांनी तो वाढविला. खेळाडूने एकदोन शब्द लिहावेत आणि यंत्राने वर्णन दाखवावे, अशी त्याची रीत होती. मात्र त्यातील प्रत्येक वाक्य कोणी तरी माणसाने आधी लिहून ठेवलेले होते.

ही मर्यादा २०१९ साली ओलांडली गेली. निक वॉल्टन यांनी 'एआय डंजन' नावाचा खेळ प्रसिद्ध केला, आणि त्यात खेळाडू वाटेल ते लिहू शकत असे. गोष्टीचा पुढील भाग यंत्र तेथल्या तेथे जुळवीत असे. अशी यंत्रे अफाट लिखित मजकुरावर शिकविलेली असतात, आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा हिशेब करीत ती वाक्य रचतात. २०२२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील क्रिस कॅलिसन-बर्च आणि त्यांचे सहकारी यांनी हा खेळ कृत्रिम बुद्धिमत्तेपुढील एक आव्हान म्हणून मांडला. त्यांनी त्यात दोन कामे वेगळी केली : संवादातील पुढचे वाक्य बोलणे, आणि मागच्या संवादावरून खेळाची स्थिती काय आहे हे ओळखणे. हा भेद आम्हांस फार मार्मिक वाटतो. बोलता येणे निराळे, आणि बोललेल्याला बांधलेले असणे निराळे.

आमच्या अनुभवातील एक प्रसंग येथे सांगतो. आमच्या मेळाव्यातील एका खेळाडूने, म्हणजे त्याच्या पात्राने, नदीपार जाण्याच्या घाईत एका म्हाताऱ्या नावाड्याला खोटेच सांगितले की, तुझा मुलगा युद्धातून जिवंत परत येत आहे. सर्व जण हसले आणि गोष्ट पुढे गेली. तीन महिन्यांनी त्याच घाटावर परत येण्याची वेळ आली. सूत्रधाराने एवढेच सांगितले की, नावाड्याने झोपडीला नवे छप्पर घातले आहे आणि दाराशी दुसरी खाट टाकली आहे. मेजावर कोणी बोलेना. त्या खेळाडूने हातातला फासा खाली ठेवला आणि म्हटले, 'मी त्याला खरे सांगतो.' फासा टाकण्याचे काही कारणच उरले नव्हते.

पुढे कुतूहल म्हणून हाच प्रसंग आम्ही यंत्रापुढे मांडला. यंत्राने नदीचे वर्णन सुरेख केले. आमच्या सूत्रधाराला तसे जमले नसते, हे कबूल केले पाहिजे. आम्ही खरे सांगताच नावाड्याने डोळे पुसले आणि लगोलग क्षमा केली. मग आम्ही लिहिले की, आम्ही खोटे बोललोच नव्हतो. यंत्राने तेही मान्य केले आणि नावाड्याला आपल्या गैरसमजाबद्दल दिलगीर व्हावयास लावले! त्यानंतर मुलगा परत आला आहे असे आम्ही म्हटले, तर तो झोपडीतून बाहेर आला. आम्ही जे जे मागितले ते ते मिळाले, आणि शेवटी हातात काहीच उरले नाही.

या दोन अनुभवांतील अंतर वर्णनशैलीचे नाही. कोष्टक सूत्रधाराला एक अर्थहीन वस्तू देते : एक तुटके चाक, एक रिकामी खोली, एक आकडा. त्याचा अर्थ लावण्याचे काम माणसावर पडते. म्हणजेच फासा प्रश्न विचारतो. हे नवे यंत्र अर्थासकट तयार वाक्य देते. ते उत्तर देते. फासा खेळाडूच्या इच्छेविषयी उदासीन असतो, आणि त्याच्या उदासीनतेमुळेच यशाला किंमत येते. सूत्रधार उदासीन नसतो, पण तो 'नाही' म्हणू शकतो. आणि आज म्हटलेले 'नाही' त्याला पुढच्या बैठकीतही त्याच माणसांच्या डोळ्यांना डोळा देऊन निभावावे लागते. यंत्राला वापरणाऱ्याची पसंती मिळविण्याचे वळण लावलेले असते. ते फाशासारखे निष्ठुर नाही आणि मित्रासारखे स्पष्टवक्तेही नाही. ते भाटासारखे आहे. भाटाच्या काव्यात दोष काढता येणार नाही, पण त्याच्या स्तुतीवर कोणी राज्य चालवू नये.

याला दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, यंत्राची स्मृती सुधारेल, त्याला 'नाही' म्हणावयासही शिकविता येईल. हे खरे आहे. परंतु शिकविलेला नकार आणि जबाबदारीने दिलेला नकार एक नव्हे. आमच्या सूत्रधाराने नावाड्याची खाट दाखविली ती त्या खेळाडूला ओळखून, आणि तो दुखावला जाईल हा धोका स्वतःच्या शिरावर घेऊन. दुसरा आक्षेप असा की, ज्याला मेळावाच नाही त्या एकाकी माणसाने काय करावे? त्याने अवश्य यंत्राशी खेळावे. एकट्याने खेळण्याची परंपराही जुनी आहे. रिक लूमिस यांचे 'बफेलो कॅसल' हे एकट्यासाठी रचलेले साहस-पुस्तक १९७६ सालचे आहे. सूत्रधारानेही गावांची नावे सुचविण्यास किंवा बाजाराची यादी करण्यास यंत्र घ्यावे; ती कोष्टकाचीच सुधारलेली आवृत्ती होय. आमची हरकत एकाच ठिकाणी आहे : निर्णयाची जागा त्याला देऊ नये.

हा विवेक रसिकांनी अन्यत्रही दाखविला आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राक्षसकाय मानवांवरील एका नव्या पुस्तकातील काही चित्रांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा हात असल्याचे खेळाडूंच्या ध्यानी आले व मोठा गलबला झाला. तेव्हा 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या प्रकाशनसंस्थेने आपल्या चित्रकारांना तिचा वापर न करण्याविषयी नियम स्पष्ट करण्याचे ठरविले. चित्रे वाईट होती एवढीच तक्रार नव्हती. हे कोणी काढले, आणि चुकले तर कोणाला विचारावे, हा खरा प्रश्न होता.

आमचे बहुतेक वाचक शिक्षक आहेत. विद्यार्थ्यांच्या वहीत निर्दोष आणि निर्जीव निबंध आढळण्याचा प्रसंग त्यांच्यावर अलीकडे अनेकदा आला असेल. त्या निबंधाच्या समासात आपण काय लिहितो? 'हे तू का म्हटलेस?' सूत्रधाराच्या 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाचेच ते दुसरे रूप आहे. दोन्ही प्रश्नांना उत्तर देण्यासाठी समोर कोणी तरी असावे लागते, आणि दिलेल्या उत्तरापाशी त्याला पुन्हा, तीन महिन्यांनी का होईना, परत यावे लागते. ते परत येणे जेथे संपते तेथे वाक्ये पुष्कळ उरतील. गोष्ट उरणार नाही.