एकल वादनाचा आवाज : ब्रायन मे यांची गिटार

विजेच्या गिटारविषयी आमच्या पुष्कळ वाचकांचे मत प्रतिकूल आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. उत्सवाच्या रात्री मांडवात वाद्यवृंद बसतो, गायकाचे शब्द गोंगाटात बुडतात, आणि गिटारवाला पुढे सरसावला की गोंगाट आणखी वाढतो. असा ज्यांचा अनुभव, त्यांना दोष कसा द्यावा? आमचाही ग्रह पुष्कळ दिवस तोच होता. तो बदलला ‘क्वीन’ या इंग्रज संचाच्या एका ध्वनिमुद्रणामुळे. लंडनच्या वेम्बली मैदानावर जुलै १९८६ मध्ये झालेला हा कार्यक्रम १९९२ साली ‘लाइव्ह अ‍ॅट वेम्बली ८६’ या नावाने प्रसिद्ध झाला. संचाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी, एवढा आपल्या बाजूचा धागा. परंतु आमचा आजचा विषय त्याचा गळा नसून त्याच्या शेजारी वाजणारी ब्रायन मे यांची गिटार हा आहे.

पियानो, बेस गिटार आणि ड्रम वाजत असता एकट्या गिटारीने पुढे यावे कसे? ‘आवाज वाढवून’ हे उत्तर वरवर बिनतोड दिसते, पण ते टिकत नाही. ३० वॉटच्या अँप्लिफायरऐवजी ६० वॉटचा घेतला, तर वाढ केवळ ३ डेसिबलची होते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यास सुमारे १० डेसिबल लागतात. शिवाय व्हॉल्व्हचा अँप्लिफायर एकदा मर्यादेला पोहोचला की त्यात अधिक जोराचा स्वर सोडूनही तो अधिक मोठा होत नाही; स्वरलहरीचे माथे दबतात, स्वर दाट व खरखरीत होतो आणि लांबतो. म्हणजे दाब वाढतो, उंची वाढत नाही. हे न कळल्यामुळेच कित्येक वादक ऐन वेळी पायाखालचे बटण दाबतात आणि आपला आवाज वर का आला नाही म्हणून गोंधळतात.

मे यांची युक्ती निराळी आहे. त्यांची गिटार १९६३ पासून वडिलांच्या साहाय्याने घरीच घडविलेली; तिच्या मानेचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. तारा छेडावयास प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी सहा पेन्सचे नाणे. अँप्लिफायर व्हॉक्स कंपनीचा एसी-३०, पूर्ण उघडलेला. आणि त्याच्या आधी ‘ट्रेबल बूस्टर’ नावाचे लहानसे उपकरण. हे उपकरण खर्जाचा भार कमी करते व वरचे स्वर पुढे ढकलते. खर्जाची जागा बेस गिटार व मोठा ढोल यांची. ती त्यांना मोकळी राहते आणि गिटारीचा स्वर त्यांच्यावर स्पष्ट उमटतो. दुसऱ्याच्या जागेवर अतिक्रमण न करता स्वतःची जागा मिळविण्याचा हा मार्ग आम्हां वकिलांस विशेष भावला.

परंतु खरे मर्म पुढेच आहे. बूस्टर चालू, अँप्लिफायर उघडा. मग एकल वादनासाठी शिल्लक काय राहिले? शिल्लक राहिले ते गिटारीवरील आवाजाचे बटण. गाण्याला साथ करताना मे ते मागे घेतात आणि स्वर निवळतो. एकल वादन आले की ते पुढे करतात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ऐकावे. दुसऱ्या कडव्यात गिटार हलकेच शिरते, गळ्याला वाट देते. गळा थांबतो तेव्हा ती स्वर उचलते. आणि ती कडव्याची चाल परत आळवीत नाही, तर स्वतःची नवी चाल मांडते. पियानो व ड्रम खाली चालूच असतात, तरी प्रत्येक स्वर निराळा ऐकू येतो. तो मोठा वाटतो, कारण आधी तो लहान ठेवलेला होता.

याच वादकाचा एक दोषही सांगितला पाहिजे. १९७९ च्या ‘लाइव्ह किलर्स’ मधील ‘ब्रायटन रॉक’ बारा मिनिटांहून अधिक चालते. त्यात पुष्कळ वेळ गिटार आपल्याच लांबविलेल्या प्रतिध्वनींशी एकटी खेळते. कौशल्य अचाट आहे. पण ज्यांच्यामधून वर यावयाचे ते साथीदारच गप्प असल्याने वर येण्यातला आनंद उणावतो. आम्हांस ते अर्धे असते तर बरे वाटले असते.

आमच्या व्यवसायात सकाळपासून ओरडणारा वकील निकालाच्या मुद्द्यावर ओरडला तर न्यायाधीश मान वर करीत नाहीत. उत्सवाच्या मांडवातील तरुण गिटारवादकांस आमची विनंती एवढीच की, नवे यंत्र घेण्यापूर्वी त्यांनी एक रात्र साथीच्या वेळी आपले बटण थोडे मागे ठेवून पाहावे. गायकाचे शब्द ऐकू येतील, आणि पुढे त्यांची पाळी आली की त्यांचे वादनही.