गेरूवर सोडलेली जागा

मासेमारीचं जाळं हा वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा आवडता विषय. वर्षानुवर्षं त्यांनी तो पुन्हा पुन्हा काढला. शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रेघांचं जाळं असं पसरतं की बाकी सगळं त्याच्या कडेला सरकतं; जाळं टाकणारा माणूस करंगळीच्या नखाएवढा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हाताला दाद दिली. इतकी बारीक घरं आणि एक दुसऱ्यासारखं नाही! पण त्या घरांमधून दिसणाऱ्या मोकळ्या मातकट रंगाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं पौषातल्या एका सकाळी, डहाणूतल्या गंजाडच्या वाटेवर.

डहाणू रोडला उतरणारे बहुतेक जण समुद्राकडे वळतात. तिकडे बोर्डी, सुरूची झाडं, घोलवडच्या चिकूच्या वाड्या. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत मात्र बाजार करून परतणारी चार माणसं होती. आशागड मागे पडलं आणि धुक्यातून शेतं दिसू लागली. भात कापून झालं होतं. खळी उरकली होती. एखाद्या घरामागे पेंढ्याची उडवी, लांब एक ताड, आणि मध्ये नुसती जमीन. मी गाडी सोडली आणि बांधावरून चालू लागलो.

पायाखाली भाताची धसकटं होती. तुटक, आखूड, ओळीने उभी. ओळ मात्र सरळ नाही, लावणी करणाऱ्या बायकांचा हात जसा वळला तशी वळलेली. मी थबकलो, कारण ही रेघ माझ्या ओळखीची होती. म्हसे यांच्या चित्रात शेत येतं ते असंच, छोट्या तुटक फटकाऱ्यांनी. शहरात पाहताना मला ती नक्षी वाटली होती. ती नक्षी नव्हती. तो कापणीनंतरचा शेताचा तपशील होता, जसाच्या तसा.

वारली चित्राचं मूळ लग्नघरात आहे. कुडाच्या भिंतीवर शेण, त्यावर गेरू, आणि ठेचलेल्या काडीने तांदळाच्या पिठात काढलेला लग्नाचा चौक. तो काढायचा सवाशिणींनी. मध्ये पालघाट देवी. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि चौकाला अर्थ येतो. म्हसे पुरुष असून रोज चित्रं काढू लागले, लग्न असो-नसो. जन्म 1934 चा, तलासरीतल्या धामणगावचा. आयुष्य गेलं डहाणूतल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर. आई लहानपणीच गेली आणि त्या धक्क्याने पोराचं बोलणं थांबलं. जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगायचं. सत्तरच्या दशकात कलावंत भास्कर कुलकर्णी इथल्या पाड्यांवर कागद घेऊन आले, तेव्हा त्यांना हा हात सापडला. 1976 चा राष्ट्रीय पुरस्कार, 2011 ची पद्मश्री हे सगळं नंतरचं.

मला त्या मुक्या वर्षांचा विचार सोडवत नाही. ज्याला शब्दांवाचून राहावं लागलं, त्याला मोकळी जागा कशी वापरायची हे कळलं असावं. त्यांचं तारप्याचं चित्र घ्या. नाचणाऱ्यांची साखळी गोल गोल आत वळते, मध्ये तारपा वाजवणारा. त्याच्याकडे पाठ करायची नाही, हा नाचाचा नियम. म्हणून सगळी साखळी त्याच्याभोवती आतून बाहेर उलगडते आणि तिचं शेवटचं टोक उघडं राहतं. तिथे आणखी एक माणूस मावतो. ते उघडं टोक मला त्या चित्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रं रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामाशेजारी मांडली गेली. लाँग यांची कला म्हणजे मैलोन्मैल चालणं आणि जमिनीवर रेघ सोडणं. ही जोडी ज्याने जुळवली त्याची नजर पक्की होती. बांधावरून चालल्याशिवाय म्हसे यांची रेघ पुरती कळत नाही, असं आता मीही म्हणेन.

म्हणूनच पडद्यांवर, कपांवर, सोसायट्यांच्या कंपाउंडवर छापलेली वारली माणसं पाहिली की वाईट वाटतं. रेघ सगळीकडे एकाच जाडीची, आणि माणसांची इतकी गर्दी की गेरूला श्वास घ्यायला जागा नाही. त्यात शेत नाही, हिवाळा नाही.

त्या सकाळी वाटेतल्या एका पाड्यावर एक आजी ओटा सारवत होत्या. भिंतीवर जुन्या चौकाच्या पांढऱ्या खुणा राहिल्या होत्या. देवीच्या चौकटीचा एक कोपरा, एक घोडा, बाकी पुसलेलं. मी त्या खुणांविषयी विचारलं. घरातल्या पोरीच्या लग्नाचा चौक, त्या म्हणाल्या, आणि पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवणार. घोडा तेव्हा जाईल, याची त्यांना काही हळहळ नव्हती. मला होती, म्हणून मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

जिव्या सोमा म्हसे 2018 च्या मे महिन्यात गेले. त्यांची चित्रं संग्रहालयांत पाहाच, पण त्याआधी एकदा संक्रांतीच्या आसपास गंजाडच्या बाजूला जा. सकाळी लवकर पोचा आणि बांधावरून चाला. धुकं नऊपर्यंतच टिकतं.