एकसर जोडलेल्या स्प्रिंगा : उत्तर बरोबर, सोडवणूक अर्धी

पेट किंवा सेट-नेटची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या गाईडमध्ये भेटतोच. १०० आणि ३०० न्यूटन प्रति मीटर स्थिरांकाच्या दोन स्प्रिंगा एकसर जोडल्या आहेत. ही जोडणी २० सेंमी ताणायला किती कार्य लागेल? सोडवणूक तीन ओळींची. व्यस्तांची बेरीज करा, परिणामी स्थिरांक ७५ येतो. त्याच्या निम्म्याला ताणाच्या वर्गाने गुणा. १.५ ज्यूल. चला, पुढचा प्रश्न.

उत्तराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी, की पहिल्याच ओळीत दोन्ही स्प्रिंगा गायब होतात आणि पुढे सगळा हिशोब एका काल्पनिक स्प्रिंगेचा चालतो. व्यस्तांचीच बेरीज का, हे कोणी सांगत नाही. दोन हलके ताणकाटे एकमेकांत अडकवून आडवे ओढा, दोन्ही सारखंच बल दाखवतात. कारण तिथेच आहे. इथेही दोन्हींत १५ न्यूटनच आहे. म्हणून मऊ स्प्रिंग १५ सेंमी ताणली जाते, ताठ फक्त ५. कार्याची वाटणी १.१२५ आणि ०.३७५ ज्यूल, म्हणजे मऊ स्प्रिंग तिप्पट ऊर्जा घेते. 'ताठ स्प्रिंगेत जास्त ऊर्जा' हे ताण सारखा असेल तेव्हाच खरं.

आता गाईड न विचारणारा प्रश्न : दुसरी स्प्रिंग जोडल्याने कार्य वाढतं की घटतं? १०० ची एकटी स्प्रिंग २० सेंमी ताणायला २ ज्यूल लागतात, म्हणजे जोडणीत घटलं. पण तिला १५ न्यूटननेच ओढलं तर १.१२५ लागतात, म्हणजे जोडणीत वाढलं! काय कायम ठेवलंय, ते आधी ठरवायला हवं.

आमच्या वणीकडून टोमॅटो घेऊन पिंपळगावला जाणारी पिकअप बघा. चाकावरचे पाटे आणि टायर ही एकसर जोडणीच. ड्रायव्हर जादा पाटा टाकतो, तेव्हा पाटे कमी दबतात. पण माल तेवढाच असेल तर टायर पूर्वीइतकाच दबतो. (जादा पाटा टाकला की माल तेवढाच राहत नाही, ते सोडा.)

संशोधनात ही अर्धी सोडवणूक महागात पडते. तन्यता चाचणीच्या यंत्रात नमुना, पकड, लोडसेल आणि सांगाडा हे सगळे एकसर असतात. यंत्राच्या सरकत्या आडव्या दांड्याचं विस्थापन घेऊन आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं, तर त्यात यंत्र ताणायला लागलेलं कार्यही येतं, आणि नमुना जितका ताठ तितका यंत्राचा वाटा मोठा. १९८६ साली आलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकातही तेच. तिथे टोकाची लवचीक पट्टी आणि नमुना एकसर असतात, म्हणून नमुना किती दबला हे काढताना पट्टीचं वाकणं वजा करावं लागतं.

तेव्हा एखाद्या शोधनिबंधात 'नमुना ताणायला लागलेलं कार्य' दिसलं, की आधी विस्थापन कुठे मोजलंय ते शोधा : नमुन्यावर एक्स्टेन्सोमीटर लावून, की यंत्राच्या दांड्यावर?