पहिली पेंढी आणि 'ओवाळणे' : मराठी बायबलातील हंगाम-अर्पणाचा अर्थविचार

प्राचीन इस्राएली उपासनेतील हंगामाचे अर्पण हा केवळ कृतज्ञतेचा विधी नव्हता. लेवीय ग्रंथाच्या २३ व्या अध्यायानुसार सातूच्या पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणावयाची आणि ती परमेश्वरासमोर सादर होईपर्यंत नव्या धान्याची भाकर वा भाजलेले कणीस तोंडात घालावयाचे नाही, असा दंडक होता. त्यानंतर पन्नासाव्या दिवशी, गव्हाच्या हंगामात, खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण होत. पीक कोणाचे, हा प्रश्न अशा रीतीने पहिल्या घासापूर्वीच निकालात निघत असे.

मराठी वाचकाला हा विधी भेटतो तो 'ओवाळणे' या क्रियापदातून. प्रचलित मराठी बायबलमध्ये याजक पेंढी 'ओवाळतो'. शिरूर-दौंड भागात रब्बी ज्वारीची काढणी पाहिलेल्या वाचकाला पेंढी परकी नाही आणि ओवाळणे तर घरचेच. अनुवादकाने साधलेली ही जवळीक नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिची किंमत तपासली पाहिजे.

मूळ हिब्रू शब्द 'तनूफा'. त्यात हलविण्याचा वा उंचावण्याचा भाव आहे. मिश्नाच्या 'मनाहोत' या प्रकरणात ही कृती पुढे-मागे आणि वर-खाली अशी वर्णिलेली आहे, वर्तुळाकार नव्हे. मराठीतील ओवाळण्यात ज्याच्याभोवती वस्तू फिरते तो महत्त्वाचा. फिरणारी वस्तू साधन असते, पुष्कळदा टाकूनही दिली जाते. 'ओवाळून टाकलेला' हा वाक्प्रचार तर शिवीच्या अंगाने जातो. पेंढीचे नेमके उलटे आहे. ती टाकाऊ नसून उरलेल्या सगळ्या पिकाची प्रतिनिधी आहे. तिचा स्वीकार झाला म्हणजे शेतात उभे असलेले पीकही स्वीकारले गेले.

ख्रिस्ती अर्थ याच प्रातिनिधिकतेवर उभा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल पुनरुत्थित ख्रिस्ताला निद्रिस्तांतील 'प्रथमफळ' म्हणतो. त्याने योजलेला 'अपार्खे' हा ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक अनुवादात पहिल्या पेंढीसाठीही आलेला आहे. पेंढी शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी सादर होई. ख्रिस्ताचे पुनरुत्थानही आठवड्याच्या पहिल्या दिवशीचे. पौलाचा युक्तिवाद सरळ शेतकऱ्याचा आहे : पहिली पेंढी आली, तर मागे पीक आहेच. मराठीत मात्र एकीकडे 'पेंढी' आणि दुसरीकडे 'फळ' असे शब्द पडल्याने हा धागा तुटतो. प्रवचनकारांनी तो कितीही जोडला तरी साध्या वाचकाच्या हाती तो लागणे कठीणच.

या अनुवादप्रश्नाला दौंड तालुक्यातील केडगावची पार्श्वभूमी आहे. पंडिता रमाबाईंनी येथील मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये हा अनुवाद मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. संस्कृतप्रचुर भाषा टाळून अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. मुक्तीतील अनेक मुली १८९६-९७ च्या दुष्काळातून आलेल्या. ज्यांच्या घरी पीकच हाती लागले नव्हते, त्यांच्यापुढे पहिल्या पेंढीचा विधी ठेवायचा होता. तेव्हा शब्दनिवडीचा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा राहत नाही.

याच ठिकाणी मराठी बायबलातील दुसऱ्या एका शब्दाचे श्रेय मान्य करावे लागते : 'सरवा'. लेवीय २३ मध्ये सणांचा क्रम मध्येच थांबतो आणि शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या, अशी आज्ञा येते. भाष्यकार तिला कधी कधी आगंतुक मानतात. ते पटण्यासारखे नाही. देवापुढील पेंढी आणि गरिबाचा सरवा ही एकाच पिकाची अर्पणे आहेत. 'ओवाळणे' जेथे अर्थ सरकवते, तेथे खळ्या-शेतातला हा शब्द मूळ अर्थाला तंतोतंत भिडतो. रूथ सरवाच वेचते. तिची कथा दुष्काळाने सुरू होते, आणि नामीसोबत ती बेथलेहेमात पोहोचते ती सातूच्या कापणीच्या आरंभी, म्हणजे पहिल्या पेंढीच्याच दिवसांत.